फोटोतलं कपाट

आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर शहाऐंशीच्या दिवाळीनंतर एकदम मंद का झाला, हे चारच माणसांना ठाऊक होतं. त्यांतले साहेब वारले. रविंद्र अमेरिकेत आहे आणि पत्राला उत्तर देत नाही. प्रेमिला गेल्या वर्षी कामठीत वारली. उरले मी. माझं पेन्शन आता कोणी थांबवू शकत नाही, तेव्हा लिहून टाकते.

प्रेमिला बारापात्रे. कामठीच्या कोष्ट्याची मुलगी, बापाचे चार पॉवरलूम, घरात बोलायचं तर मागांच्या आवाजावरून ओरडून. म्हणून आवाज मोठा. नवरा कन्हानकडे खाणीत टाइमकीपर, पदरात दोन मुली. मॅट्रिक झाल्यावर मामाने तिला सीताबर्डीच्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंग शिकायला घातलं, एकोणसाठ-साठच्या सुमारास. रिटचिंग म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खाली आरसा, आरशातून उजेड वर येतो. सँडपेपरवर सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल घेऊन चेहऱ्यावरचे डाग एकेक ठिपका देत बुजवायचे. देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. मुलगी दाखवायच्या फोटोंचंच काम जास्त. ती म्हणायची, "ताई, आर्ध्या नागपूरच्या पोरी म्या उजवल्या. कोनी लग्नाले बोलावलं नाही."

तिच्या दोन सवयी सांगते, कारण पुढे त्यांचंच काम आहे. पहिली, ती कधीही अख्ख्या फोटोवर एकदम काम करत नसे. मोठा प्रिंट काढायच्या आधी कागदाची दोन बोटं पट्टी घ्यायची, ती चेहऱ्यावर टाकून पाहायची, जमलं तर मग पूर्ण कागद. दुसरी, प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली ते वहीत लिहायची. स्टुडिओचा मालक नगावर पैसे द्यायचा आणि मिनिटांवरून वाद घालायचा, त्यामुळे लागलेली सवय. मालक सुटला, सवय राहिली.

चौऱ्याहत्तर साली ती आमच्याकडे आली. आमचं ऑफिस सरकारी, सेमिनरी हिल्सच्या बाजूला, विमानातून आणि नंतर उपग्रहातून काढलेल्या चित्रांवरून जमिनीचे आणि पिकांचे नकाशे करणारं. मी तिथे संख्याशास्त्राची एम.ए. म्हणून आकडेमोडीला होते. ती डार्करूममध्ये, 'तात्पुरती'. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग नोकरी सलग धरली जाऊ नये म्हणून एक दिवसाचा खंड, घरी बसायचं, दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. असं बारा वर्षं. त्या एका दिवशी ती घरी पापड लाटत असे. वर्षभराचे पापड तिने सरकारी खंडाच्या दिवशी लाटले असं ती सगळ्यांना सांगायची आणि सगळे हसायचे. मीही हसायची.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात कॉम्प्युटर आला. एक खोली त्याच्यासाठी रिकामी केली, वातानुकूलित, दाराशी चपला काढायच्या. टेपचं कपाटाएवढं यंत्र, कपडे धुण्याच्या मशीनसारखी दिसणारी डिस्क, हिरव्या अक्षरांचा एक पडदा आणि चित्र दाखवणारा दुसरा, रंगीत. चित्रं टेपवरून डिस्कवर घ्यायची, रंगीत पडद्यावर आणायची, सुधारायची. रविंद्र नावाचा इंजिनिअर होता, चोवीस-पंचवीसचा, हुशार आणि स्वभावाने भला. त्याला यंत्र कळायचं, चित्र कळत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात ते दिसलं. उपग्रहाच्या चित्रात बारीक आडव्या रेघा येत होत्या. रविंद्र म्हणाला, पडदा खराब आहे. प्रेमिला डार्करूममधून हात पुसत आली होती, चहासाठी. पडद्याला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "पडदा नाही गा खराब. दर साव्वी ओळ फिकी हाय. मोज." त्याने मोजली. दर सहावी ओळ. ती वरच्या उपग्रहातूनच तशी येत होती, हे नंतर पुस्तकात सापडलं. त्या दिवसापासून रविंद्र तिला खुर्ची द्यायला लागला. यंत्राच्या आज्ञा तिने देवनागरीत वहीत उतरवून घेतल्या, आणि सहा महिन्यांत चित्र सुधारण्याचं सगळं काम तीच करत होती. रविंद्र बाजूला बसून कादंबऱ्या वाचायचा.

लॉगबुक माझ्याकडे होतं. यंत्रावर कोण बसलं, कधीपासून कधीपर्यंत. त्यात नाव अधिकाऱ्याचंच लिहायचं असा नियम होता, त्यामुळे मी रोज 'रविंद्र' लिहीत असे. प्रेमिलाने एकदा वाकून पाहिलं.

"हा रविंद्र लय कामाचा पोरगा दिसते, ताई."

मी म्हटलं, नियम आहे.

"हो, मंग असनच."

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात इमेज ऑपरेटरची कायम जागा मंजूर झाली. अट पदवीची. साहेबांनी प्रेमिलाला बोलावून माझ्यासमोर सांगितलं, "काटोलकडच्या संत्र्याच्या बागांचा नकाशा एकतीस मार्चच्या आत दिल्लीला गेला पाहिजे. तो गेला तर तुमचं नाव मी पाठवतो. अनुभवावर पदवीची अट शिथिल होते. वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे फक्त."

तिला चव्वेचाळिसावं चालू होतं. सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये पंचेचाळीस होणार होती. म्हणजे एकच संधी. बाहेर आल्यावर तिने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "कायम झाली तर पापड विकत आनीन."

मग आली खंडेनवमी.

औजारांची पूजा सगळीकडे होते. एसटीचे ड्रायव्हर बस धुतात, सुतार करवत मांडतो. आमच्याकडेही दरवर्षी डार्करूमच्या दारावर झेंडूचं तोरण लागायचं, तेवढंच. त्या वर्षी दिल्लीचे एक मोठे अधिकारी आले होते, आणि साहेबांच्या मनात आलं की कॉम्प्युटरची पूजा करावी आणि पाहुण्यांसोबत फोटो काढून तो वार्षिक अहवालात छापावा. प्राचीन परंपरा आणि आधुनिक विज्ञान, असं ते दोन दिवस म्हणत होते. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना मथळ्यांत विचार करायची सवय होती, एवढंच.

आरतीची थाळी प्रेमिलाच्या हातात दिली, कारण स्टाफमधली सवाष्ण तीच. मी अविवाहित, त्यामुळे माझी सुटका. तिने थाळी घेतली आणि खोलीत पाऊल टाकताच थांबली. पंखे घोंघावत होते, टेपची चाकं फिरत होती, सगळे दिवे लुकलुकत होते.

"साहेब, हे चालूच हाय."

"हो मग? चालूच ठेवायला सांगितलंय."

"चालू मागाची पूजा कोनी करते काय? आमच्याकडं आदल्या रात्रीच माग बंद करतेत. झाडून, पुसून, तेल देऊन, मंग हळदकुकू. दुसऱ्या दिवसापर्यंत हात नाही लावत."

"अहो बाई, बंद मशीनचा फोटो काढायचा म्हणजे मयताचा फोटो काढल्यासारखं." पाहुणे हसले. "दिवे दिसले पाहिजेत. चला, आरती करा."

तिने आरती केली. उदबत्तीचा पुडा एकदम पेटवलेला होता. साहेबांनी टेपच्या दारावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ दाराशी फुटला. पाहुणे उत्तरेकडचे, त्यांना आपल्या पूजेचं काय ठाऊक. त्यांनी उत्साहात मूठभर गुलाल उचलला आणि डिस्कवर उधळला. रविंद्रने ऑफिसच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. मधोमध साहेब आणि पाहुणे, कपाळाला टिळे, डाव्या अंगाला बाकीचा स्टाफ, उजव्या अंगाला थाळी धरलेली प्रेमिला, मागे यंत्र, धूर आणि दिवे. छान आला होता फोटो. प्रेमिलानेच धुतला. तेव्हा एक छोटा प्रिंट तिने मला दिला. "ठेवा ताई तुमच्यापाशी. मायं थोबाड पहिल्यांदाच सरकारी फोटोत आलं."

आठ दिवसांनी यंत्र रेंगाळायला लागलं. संत्र्याच्या बागांच्या चित्राचा एक तुकडा रेघा पुसून पडद्यावर यायला चाळीस मिनिटं लागत, त्यांचा तास झाला, मग दीड तास. दिवाळीनंतर तीन तास. असे सदतीस तुकडे करायचे होते आणि प्रत्येकाला चार-पाच फेऱ्या, आणि वीज जात-येत असल्याने दिवसाला एकच फेरी पुरी होई. गणित कोणालाही करता आलं असतं, मी केलं. एकतीस मार्च नाही, एकतीस जुलै.

साहेबांनी दिल्लीला पत्र लिहिलं की यंत्राची स्मृती अपुरी आहे, आणखी मंजूर करावी. ते पत्र मीच टाइप करवून घेतलं. रविंद्रचंही तेच मत. दिल्लीहून उत्तर आलं की पुढच्या अर्थसंकल्पात पाहू.

प्रेमिलाने वही उघडली.

"रविंद्रभौ, ह्याची मेमरी दसऱ्याच्या आधी किती होती?"

"तेवढीच."

"आन् आता?"

"आताही तेवढीच."

"मंग चाळीस मिनिटाचे तीन तास काहून झाले? मानूस म्हातारा होते, मेमरी जाते. हे त दोन वर्षांचंही नाही."

रविंद्रने यंत्राचं पुस्तक उघडलं. ती स्वतः मागे लागली. आधी डिस्कवर पडलेली जुनी चित्रं पाहिली. रविंद्रने एकही पुसली नव्हती, उगाच लागली तर म्हणून. तिने ती सगळी टेपवर काढून ठेवली आणि डिस्क मोकळी केली. वीसेक मिनिटं वाचली. मग तिने आपली पट्टीची युक्ती काढली. अख्ख्या तुकड्यावर प्रयोग करून दर वेळी तीन तास बसायचं काहाले, म्हणाली. चित्राच्या मधली हाताएवढी जागा कापून घ्यायची, तिच्यावर आकडे बसवायचे, जमले की मगच पूर्ण तुकडा लावायचा. पाच फेऱ्यांच्या जागी एक. रविंद्र कपाळावर हात मारून म्हणाला, हे मला का सुचलं नाही. "तुमी कधी कागद विकत आनला नाही म्हनून," ती म्हणाली.

एवढं करूनही एक फेरी दोन तासांच्या खाली येईना. कोणीही म्हटलं असतं, चालतंय आता. ती नाही म्हणाली. तिला चाळीस मिनिटं पाहिजे होती, कारण वहीत चाळीस लिहिलेली होती.

जानेवारीतली सकाळ. मी लॉगबुक घेऊन खोलीत गेले तर ही बाई डिस्कच्या यंत्राला कान लावून जमिनीवर बसलेली.

"काय करतेस गं?"

"चूप राहा वं ताई. आइका."

मला घरघर ऐकू आली. आणखी काही नाही.

"खट, खट, मंग थांबते. पुन्हा खट, खट. आधी एका दमात जात जाय. मागाचा धागा तुटला का इकडून तिकडं पळनारा धोटा असाच अडकते. हे वाचून राहिलं, वाचता नाही येऊन राहिलं, पुन्हा वाचून राहिलं. एकच ओळ दहा वेळ. म्हनून वेळ लागते."

रविंद्रला बोलावलं. यंत्र बंद केलं. खालच्या जाळीचे चार स्क्रू काढले. आत हवा गाळायचा कागदी फिल्टर होता, पांढरा. म्हणजे पुस्तकात पांढरा होता. बाहेर निघाला तो गुलाबी. गुलाल, कुंकू, उदबत्तीची राख, सगळं थर धरून बसलेलं, आणि मधोमध तांदळाचा एक दाणा, हळद लावलेला. पंख्याने तीन महिने तेच आत ओढलं होतं.

रविंद्र पांढरा पडला. प्रेमिलाने अक्षत चिमटीत धरली. "बाप्पाले पावली पूजा," म्हणाली.

तिने तो फिल्टर वर्तमानपत्रावर ठेवला आणि आम्ही तिघं साहेबांच्या खोलीत गेलो. साहेबांनी पाहिला. उठून दार लावलं. रविंद्रने सांगायला सुरुवात केली की देखभालीच्या करारात स्पष्ट लिहिलं आहे, खोलीत धूळ, धूर, पावडर आणल्यास कंपनी जबाबदार नाही, आणि फेब्रुवारीत कंपनीचा माणूस तपासणीला येणार आहे. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"हे या खोलीबाहेर जाणार नाही. फिल्टर बदला."

दुसरा फिल्टर यंत्राबरोबरच आला होता आणि वर्षभर स्टोअरमध्ये पडून होता. स्टोअरकीपर नत्थूजी तो देईनात. "स्टॉकमध्ये एकच आहे, मॅडम. तुम्हाले देला तर स्टॉकमध्ये काय राहीन?" साहेबांची चिठ्ठी आणल्यावर मिळाला. रविंद्रने डिस्कच्या आतली टोकं स्पिरिटने पुसली, चित्रं टेपवरून परत भरली, आणि संध्याकाळी पाचला पहिला तुकडा लावला. प्रेमिला घड्याळ बघत उभी. अडतीस मिनिटं.

तिने वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि कामठीची बस पकडायला पळाली. एवढाच तिचा समारंभ.

नकाशा अठ्ठावीस मार्चला दिल्लीला गेला. त्याबरोबर साहेबांची टिपणी गेली: 'तांत्रिक चमूने प्रणालीच्या कार्यक्षमतेत लक्षणीय वाढ केली.' चमूत रविंद्रचं नाव. ते त्याने मागितलं नव्हतं. नको असंही म्हटलं नाही.

त्याआधी फेब्रुवारीत फोटोचं झालं. वार्षिक अहवालात तो फोटो जायचाच होता, दिल्लीच्या पाहुण्यांनी दोनदा विचारणा केली होती. पण कंपनीचा माणूसही तो अहवाल पाहणार. चालू यंत्रासमोर धुराची थाळी. साहेबांनी प्रेमिलाला बोलावलं, मी फायली घेऊन तिथेच होते.

"बाई, तुम्ही रिटचिंगच्या उस्ताद. यातली थाळी आणि धूर तेवढा काढून टाका. टिळे आणि स्वस्तिकही. उगाच लोक काहीतरी अर्थ काढतात."

तिने प्रिंट हातात घेऊन उजेडाकडे धरला. थाळीच्या कडेने नख फिरवलं.

"धूर निघन. टिळे निघतीन. थाळी नाही निघत, साहेब."

"का?"

"थाळी काढली तर माये हात हवेत राह्यतेत. हात काढले तर बाह्या राह्यतेत. अख्खी बाई काढा लागन."

साहेबांनी चष्मा पुसला. "मग काढा. फोटोचं काय एवढं? तुमच्या जागेची शिफारस माझ्या टेबलावर आहे, परवा सही करतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं.

दोन दिवस ती डार्करूमच्या बाहेरच्या टेबलावर बसली होती. मोठा प्रिंट काढून त्यावर राखाडी रंगाच्या पाच छटा कालवून बारीक ब्रशने काम करत होती. मी दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा तिचं स्वतःचं डोकं पुसून झालं होतं, साडीचा पदर उरला होता.

"इथं नुसती भिंत ठेवली तर भोक दिसते," म्हणाली. "फोटोत मानूस उभं होतं हे वळखू येते. काहीतरी पाह्यजे."

तिने तिथे लोखंडी कपाट काढलं. सरकारी, हिरवट, ऑफिसात असतं तसंच. त्याला हँडल काढलं, हँडलखाली किल्लीचं भोक, आणि दारावर रंग उडालेला एक पोचाही. पोचा कशाला, मी विचारलं. "नवं कपाट या ऑफिसात कोनाले खरं वाटन?"

मग त्याचा पुन्हा फोटो काढला. साहेबांनी जुनी निगेटिव्ह मागून घेतली आणि कात्रीने चार तुकडे केले. शिफारशीवर सही केली. ती शिफारस मी नंतर वाचली. दोन ओळी होत्या. 'श्रीमती बारापात्रे या डार्करूममध्ये समाधानकारक काम करतात. विचार व्हावा.' यंत्राचा उल्लेख नाही. यंत्राचा उल्लेख केला असता तर यंत्रावर तिने काय केलं ते आलं असतं, आणि का करावं लागलं तेही आलं असतं.

मुलाखत जूनमध्ये झाली. समितीत तिघे बाहेरचे. साहेब नियमाप्रमाणे बाहेर. ते आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो, खसच्या कूलरसमोर. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. माझ्या पर्समध्ये तो छोटा प्रिंट होता. सकाळी घरून निघताना मी तो मुद्दाम घेतला होता, हे कबूल केलं पाहिजे. चुकून राहिलेला नव्हता.

प्रेमिला निळी काठाची साडी नेसून आली होती, हातात तिच्या वह्या, बारा वर्षांच्या. अकरा-बारा मिनिटांत बाहेर आली.

"काय विचारलं?"

"वह्या पाह्यल्या नाही. म्हन्ले हे खाजगी हाय. लॉगबुक आनलं होतं त्यायनं. त्यात रविंद्रच रविंद्र." ती पदराने मान पुसत होती. "म्या म्हन्लं, पहिल्या वर्षापासून मशीनवर मीच बसते. त एका जनानं रिपोर्ट उघडला. म्हने, मशीनजवळ स्टाफचा फोटो आहे, यात तुम्ही कुठे?"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? नाही त नाही. फोटोत नाही म्हन्लं."

ती माझ्यासमोर उभी होती. तिची नजर माझ्या तोंडावरून खाली माझ्या मांडीवरच्या पर्सकडे गेली आणि तिथे थांबली. आत प्रिंट आहे हे तिला माहीत नव्हतं. पण माझ्याकडे आहे हे माहीत होतं. दार अजून उघडं होतं. आतले तिघे चहा पीत होते. दहा पावलं. साहेबांनी पान उलटलं नव्हतं, बराच वेळ त्याच पानावर होते. माझा गोपनीय अहवाल त्या महिन्यात त्यांच्याकडे होता, वरच्या श्रेणीसाठी.

मी म्हटलं, "पाणी पितेस का?"

"नको. बस जाते," ती म्हणाली आणि गेली.

जागा बाहेरच्या एका बी.एस्सी. झालेल्या मुलाला मिळाली. प्रेमिलाची ऑर्डर ऑगस्टात संपत होती. त्याआधीचे पंधरा दिवस तिने त्याला यंत्रावर सगळं शिकवलं. पट्टी, जुनी चित्रं टेपवर काढणं, फिल्टर दर तीन महिन्यांनी पाहणं. एक वही त्याला देऊनही टाकली. मी तिला म्हटलं, का शिकवतेस? ती म्हणाली, "मशीनचा काय गुन्हा?" मला वरची श्रेणी मिळाली. खंडाच्या दिवशी ती घरी बसली, आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर निघाली नाही.

दोन वर्षांनी, एकोणनव्वदमध्ये, सामानाची तपासणी झाली. तपासणीला आलेला माणूस फारच कर्तव्यदक्ष. त्याने वार्षिक अहवालातला फोटो पाहिला आणि विचारलं, कॉम्प्युटरच्या खोलीतलं हे लोखंडी कपाट रजिस्टरमध्ये कुठे आहे? रजिस्टरमध्ये नव्हतं. खोलीतही नव्हतं. नत्थूजींना घाम फुटला. त्यांनी गॅरेज पाहिलं, गच्ची पाहिली, चपराशाच्या घरी जाऊन आले. शेवटी माझ्याकडे येऊन बसले. "मॅडम, पंधरा वर्षं स्टोअर सांभाळून राहिलो. एक स्टूल इकडचं तिकडं नाही झालं. हे कपाट कोनी नेलं असंन?" मी त्यांनाही सांगितलं नाही. फाइल उघडली गेली. पोलिसांत तक्रार द्यावी का यावर तीन टिपण्या झाल्या. कपाट अमुक उंचीचं, हँडल डावीकडे, दारावर पोचा, असं वर्णन दिल्लीपर्यंत गेलं. साहेबांनी प्रत्येक टिपणीवर सही केली आणि 'शोध जारी ठेवावा' असं लिहिलं.

त्या डिसेंबरात मी कामठीला गेले. तिचं घर मागांच्या गल्लीत, आवाजावरून सापडतं. खिडकीशी तीच तिरपी काच, तोच आरसा. पासपोर्टचे आणि मुली दाखवायचे फोटो. केस पांढरे झाले होते. "या ताई," म्हणाली, उठली नाही. पेन्सिल हातात होती.

मी पर्समधून तो प्रिंट काढून तिच्यासमोर ठेवला. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, त्यातलं काही तोंडून निघेना.

तिने प्रिंट काचेवर ठेवला, खालून उजेड घेतला, आणि कारागीर पाहतो तसा पाहिला. थाळी, धूर, आपला चेहरा. "तोंडावर उजेड बराबर नाही पडला," म्हणाली. "रविंद्रले फ्लॅश धरता येत नव्हता." मग दोन बोटांनी उचलून माझ्या हातात परत दिला. "आता काहाले आनलं, ताई?"

मी तो पर्समध्ये टाकला. तिची मुलगी चहा घेऊन आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला कपाटाची हकिकत सांगितली. नत्थूजी, गच्ची, तक्रार, तीन टिपण्या. ती ऐकत होती, पेन्सिल सँडपेपरवर घासत होती. हसेल असं मला वाटलं होतं. पूर्वी हसली असती.

"शोधूनच राहिले अजून?"

"हो. फाइल चालू आहे."

तिने पेन्सिलीचं टोक बोटावर टोचून पाहिलं आणि निगेटिव्हवर वाकली. "भेटन," म्हणाली. "सरकारी सामान हाय. त्याले कोनी असंच नाही जाऊ देत."